कारण: दरवाजा

जुन्या गाड्यांना निरोप द्यायचे ठरले तेव्हा मोठ्या साहेबांनी हुकूम काढला की चाळीसच्या चाळीस गाड्या एकाच दिवशी काढायच्या. चार आज, चार महिन्याने अशा काढल्या तर त्याचा फोटो काय येणार? मोठ्या साहेबांचा प्रत्येक निर्णय फोटोत कसा दिसेल या एकाच कसोटीवर घासला जाई. त्यामुळे भुयारी रेल्वेचे गेल्या दोन वर्षांतले फोटो फार देखणे होते. रेल्वेचे जे झाले ते फोटोत येत नव्हते.

चाळीस गाड्या गेल्या आणि चोवीस आल्या. कोणीतरी भीतभीत विचारले, तर साहेब म्हणाले, "नवी एक गाडी म्हणजे जुन्या पावणेदोन. गुणाकार करा." लोकांनी केला. उत्तर बेचाळीस येत होते, म्हणजे उलट दोन गाड्या वरकमाईच. फक्त त्या पावणेदोनांतली वरची पाऊण गाडी कोणत्या फलाटावर येऊन थांबते ते कोणाला दिसत नव्हते. पूर्वी दर चार मिनिटांनी गाडी यायची, आता सात मिनिटांनी येऊ लागली, आणि फलाटावर नवे वेळापत्रक लागले. त्याच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: सुधारित.

कारशेडमधल्या मिस्त्रींनी ती पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "अशीच सुधारणा होत राहिली तर पुढच्या वर्षी चालत जाऊ."

मिस्त्री म्हणजे दारमिस्त्री. एकतीस वर्षे त्यांनी गाडीच्या दारांखेरीज कशाला हात लावला नव्हता. इंजिन, चाके, दिवे ही दुसऱ्यांची कामे. दार सरकले पाहिजे, लागले पाहिजे आणि लागल्यावर त्याने गप्प बसले पाहिजे, एवढा त्यांचा धर्म. आणि त्या धर्मातला पहिला नियम असा की दाराला श्वास ठेवायचा. हा शब्द कुठल्या पुस्तकात नव्हता, कारशेडचाच होता. दार लागले की त्याला आतून खांदा द्यायचा. बोटभर बाहेर फुगले आणि तरीही वरचा हिरवा दिवा ढळला नाही, तर दाराला श्वास आहे. मागाहून आलेल्या प्रत्येकाला मिस्त्री पहिल्या दिवशी हेच शिकवत. म्हणत, देवाने माणसाला पाठ दिली ती कुठेतरी टेकण्यासाठीच. बिचारा सकाळी अर्धवट झोपेत गाडीत शिरतो, जिथे जागा मिळेल तिथे टेकतो. त्याचा भार घेईल आणि कुरकुर करणार नाही ते दार.

नव्या दारांना श्वास नव्हता. कागद जाईल एवढीही फट नाही, हे साहेबांनी अभिमानाने छापून घेतले होते. केसभर हलले की दिवा लाल आणि गाडी जागच्या जागी थंड.

चाचणीच्या दिवशी पूर्ण भार म्हणून वाळूची पोती आणली. माणशी पासष्ट किलो धरून तेवढी पोती डब्यात मधोमध रांगेने रचली. गाडी अशी गेली आणि अशी आली की साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या मागे सावलीसारखा असणारा एक सहायक होता. त्याला कारशेडमध्ये होयबा म्हणत. त्याने साहेबांपेक्षा अर्धा क्षण उशिरा टाळ्या वाजवल्या, कारण आधी वाजवणे बरे दिसले नसते.

मिस्त्री पुढे झाले. "साहेब, पोती दाराला टेकत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पोतं जिथं ठेवाल तिथं बसतं. माणूस टेकतो."

"टेकू नये, अशी पाटी लावलीय ना प्रत्येक दारावर," साहेब म्हणाले. "पाटी वाचता येत नाही त्याने भुयारात उतरावं कशाला?"

"पाटी वाचायला पाटी आणि डोळे यांच्यात थोडी जागा लागते, साहेब."

होयबा हसायला निघाला होता. साहेब हसले नाहीत हे पाहून त्याने ते हसू खोकल्यात बुडवले. दुसरा एक दारमिस्त्री होता, त्याला त्याच महिन्यात मुदतीआधी घरी बसवले. नव्या गाड्यांना मिस्त्री लागत नाहीत, असे कारण. नियमाप्रमाणे दारांच्या कागदावर दारमिस्त्रीची सही मात्र लागतच होती, म्हणून एक ठेवला.

पुढचे सांगायला ज्योतिषी नको. गाड्या कमी म्हणून गर्दी जास्त. गर्दी जास्त म्हणून माणसे दाराला चिकटलेली. माणसे चिकटली की दार केसभर हलणार, दार हलले की दिवा लाल. गाडी थांबली की मागच्या गाड्या थांबणार आणि पुढच्या फलाटावर आणखी गर्दी साठणार. असा तो फेरा जपमाळेसारखा गोल फिरत राहिला, फक्त जपात नाव देवाचे नव्हते, साहेबांचे होते, आणि तेही चांगल्या शब्दांत नव्हते.

मिस्त्रींच्या घरातून रोज त्या गाडीने जाणारी एक सून होती. मुलगा जहाजावर स्वयंपाकी, वर्षाचे दहा महिने समुद्रावर. सून एका मोठ्या पाळणाघरात नव्याने लागली होती. सहा महिने पाहणार आणि मग पक्की करणार, अशी बोली. तीन वेळा उशीर झाला तर पक्की करणार नाही, हीही बोली. नव्या गाड्यांनी दोन लाल खुणा आधीच मिळवून दिल्या होत्या आणि सहा महिने भरायला दहा दिवस उरले होते.

मंगळवारी ती संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसली.

सासूने विचारले, "काय गं, आत तरी ये."

"तिसरी झाली, आई."

"तिसरी काय?"

"खूण. दोन स्टेशनांच्या मध्ये चाळीस मिनिटं उभी होती गाडी. अंधारात. वरून त्या बाईचा गोड आवाज, कृपया दरवाजाला टेकू नका, कृपया दरवाजाला टेकू नका. माझ्यावर चार माणसं टेकलेली, मी दारावर टेकलेली. मी टेकू नको तर जाऊ कुठे, दाराच्या पलीकडे?"

मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. आपल्याला कोणी बोलत नसतानाही बोलणी बसल्यासारखे त्यांना झाले. "तुझ्या मोठ्या बाई काय म्हणाल्या?"

"वाईट नाहीत हो त्या. म्हणाल्या, बत्तीस आया दारात मुलं घेऊन उभ्या होत्या, मी त्यांना काय सांगू? शुक्रवारपर्यंत रेल्वेचा उशिराचा दाखला आण, खूण पुसते. नाहीतर माझ्याही हातात काही नाही म्हणाल्या."

"मग सोपं आहे की," सासू म्हणाली. "अहो, तुमच्याच रेल्वेचा दाखला. चार नंबरच्या खिडकीवर मिळतो ना?"

मिळतो, पण रेल्वेची चूक असेल तरच. बुधवारी सून खिडकीवर गेली आणि हात हलवत परत आली. खिडकीवरच्या दाखलेवाल्या बाईंनी वही दाखवली होती. मंगळवारच्या त्या गाडीपुढे कारणाचा रकाना कोरा. चौकशी चालू आहे. प्रवाशाची चूक निघाली तर दाखला नाही.

"कुणाची चूक निघेल, बाबा?" सुनेने विचारले.

"दाराची आहे," मिस्त्री म्हणाले. "निघेल कुणाची ते वरचे ठरवतील." वरचे म्हणताना त्यांनी देवाकडे बोट केले नाही, कारशेडच्या तिसऱ्या मजल्याच्या दिशेने केले. देवाचे नाव अशा कामात घ्यायला त्यांना लाज वाटली असती.

गुरुवारी सकाळी त्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावणे आले. साहेबांच्या खोलीत गालिचा होता आणि भिंतीवर निरोपसमारंभाचा फोटो होता: चाळीस गाड्या, मध्ये साहेब. टेबलावर चौकशीचा अहवाल टाइप होऊन तयार होता. चौकशी कधी झाली हे विचारण्यात अर्थ नव्हता. अहवाल तयार आहे म्हणजे झालीच असणार.

"बसा मिस्त्री. तुमचीच एक सही राहिलीय," साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी वाचले. दरवाजे निर्दोष. प्रवाशांच्या बेशिस्त वर्तनामुळे खोळंबा. पुराव्यादाखल तिसऱ्या डब्यातल्या कॅमेऱ्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. छायाचित्रात दाराला पाठ लावून एक बाई उभी होती आणि तिच्याभोवती लाल गोल काढला होता. चेहरा अर्धा दुसऱ्या कोणाच्या कोपराआड गेला होता, पण खांद्यावरची हिरवी पिशवी स्वच्छ दिसत होती. जुन्या गाडीच्या सीटचे हिरवे रेक्झिन मोडीत निघाले तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हातभर तुकडा मागून आणला होता आणि त्यांच्या बायकोने त्याची पिशवी शिवली होती. जगात तशी दुसरी पिशवी नव्हती.

"हीच ती," होयबा गोलावर बोट ठेवून म्हणाला. "हिच्यामुळे अकराशे लोक अडकले."

"ही माझी सून आहे," मिस्त्री म्हणाले.

होयबाने बोट असे मागे घेतले की जणू फोटो तापला होता. साहेबांनी मात्र मान मागे टाकली आणि क्षणभर विचार केला. साहेबांना विचार करताना पाहणे हा दुर्मीळ योग होता. मिस्त्रींनी एकतीस वर्षांत साहेब बरेच पाहिले होते, योग थोडेच.

"घरचं माणूस," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "अहो, मग आधी बोलायचं नाही का? गोल काढून टाकू. फोटो दुसरा लावू. टेकणाऱ्यांना काय तोटा आहे?"

"टेकणाऱ्यांना तोटा नाही साहेब, तेच सांगतोय. दाराला श्वास नाही. मला आठ दिवस आणि दोन माणसं द्या, चोवीस गाड्यांची दारं..."

"दारांना हात लावायचा म्हणजे दारं चुकली असं कबूल करायचं. चार महिने झालेत फक्त गाड्या येऊन." साहेब पुढे झुकले. "सुनेचं काय अडलंय? खरं सांगा."

मिस्त्रींनी सांगायला नको होते. पण पोरीचा उंबऱ्यात बसलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी सांगितले. दाखल्याचे, शुक्रवारचे, तिसऱ्या खुणेचे. सांगता सांगताच त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली.

"एवढंच ना?" साहेबांनी खण ओढून दाखल्यांचे पुस्तक काढले. "तुमच्यासाठी मी माझ्या सहीने देतो. तुम्ही अहवालावर सही करा. तुमचं घर सुखी, आमचं कार्यालय सुखी."

पेन उघडले, गाडीचा क्रमांक घातला, तारीख घातली आणि साहेब अडले. दाखल्यावर कारणापुढे चार चौकटी छापलेल्या असतात: सिग्नल, रूळ, वीज, दरवाजा. पाचवी नाही. प्रवाशाच्या चुकीला दाखलाच नसतो, तर चौकट कुठून असणार?

"सिग्नलवर खूण करू का?" साहेबांनी होयबाला विचारले.

"सिग्नलवाले साहेब रागावतील. परवाच तुमच्याबरोबर जेवले."

"रूळ?"

"रूळवाले लेखी खुलासा मागतात, साहेब. मागच्या वेळी सात पानांचा मागितला होता."

"वीज?"

"वीज बाहेरची कंपनी आहे. त्यांचे वकील आहेत."

उरले ते साहेबांचे स्वतःचे खाते. त्यातून कोणी तक्रार करणार नव्हते. साहेबांनी दरवाजाच्या चौकटीत ऐटदार खूण केली, खाली लांबलचक सही ठोकली, शिक्का मारला.

मिस्त्री हळूच म्हणाले, "साहेब, दरवाजा?"

"अहो, पोरांची दुपटी बदलणाऱ्या बायका हे वाचत बसणार आहेत का? घ्या. आणि इथे सही."

"चष्मा खाली राहिला. वाचून करतो. पाचला आणून देतो."

चष्मा त्यांच्या वरच्या खिशातच होता. होयबाला दिसलाही असेल, पण साहेबांना जे दिसत नाही ते पाहण्याची त्याला सवय नव्हती.

जिना उतरताना मिस्त्रींना एकतीस वर्षांचे वजन पायात आल्यासारखे वाटले. खिशात दाखला होता. पोरगी पक्की होणार होती. आणि त्या गाडीत बाकीचे हजारभर लोक होते, त्यांतही कोणाची सून होती, कोणाचा बाप होता, कोणाची शेवटची खूण होती. ते बेशिस्त ठरणार होते, मिस्त्रींच्या सहीने. आयुष्यात कधी खोटे बोलले नाहीत असे नव्हे. बायकोच्या आमटीबद्दल तर ते नेमाने बोलत. पण दाराबद्दल कधी बोलले नव्हते.

तरीही ते खिडकीवर गेले. खिडकीवर नोंद झाल्याशिवाय दाखला चालत नाही.

दाखलेवाल्या बाई नियमाच्या होत्या. नियमाबाहेर त्या शिंकतही नसत, अशी ख्याती. त्यांनी दाखला उजेडात धरला, वही उघडली, मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवले.

"कारण आलं म्हणायचं. दरवाजा. खुद्द साहेबांची सही." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "काका, एक विचारू? ही नोंद केली की कारण त्या गाडीला लागतं, माणसाला नाही. मग त्या गाडीचं तिकीट घेऊन जो येईल त्याला मला दाखला द्यावा लागेल. अकराशे आले तर अकराशे. साहेबांना हे माहीत असेल ना?"

मिस्त्रींनी वहीतल्या त्या कोऱ्या रकान्याकडे पाहिले.

"नाही, चुकून खूण झाली असेल तर परत जाऊन विचारून या. मी थांबते. एकदा शाई लागली की पान फाडता येत नाही, पानांना नंबर आहेत."

मागे रांगेत तिघेजण उभे होते. एकाच्या हातात मंगळवारचे तिकीट होते, कडा चुरगळलेले. तो कितव्यांदा परत पाठवला गेला होता कोण जाणे. मिस्त्रींनी वर तिसऱ्या मजल्याचा विचार केला. परत गेले तर साहेब दाखला काढून घेतील, कुठल्यातरी दुसऱ्या वाटेने पाहू म्हणतील, आणि उद्या शुक्रवार. नोंद झाली तर या वयात आपले काय होईल तेही त्यांना दिसत होते. मग त्यांनी घसा साफ केला.

"ताई, एवढी मोठी सही आहे. साहेब चुकतात होय कधी?"

"नाही हो, कसे चुकतील," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारावा तसे ठासून लिहिले: दरवाजा. मग मागच्या माणसाला म्हणाल्या, "तिकीट दाखवा. तुम्ही आत्तापर्यंत चार वेळा आलात ना? या."

पाच वाजता मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. साहेबांचा चेहरा लाल दिव्यासारखा झाला होता. खिडकीसमोरची रांग जिन्यापर्यंत आल्याचे होयबा खिडकीतून वाकून वाकून सांगत होता. थांब असे कोणी म्हटले नाही म्हणून तो सांगतच राहिला.

"ती नोंद रद्द करा म्हणून सांगितलं मी खाली," साहेब ओरडले. "ती बाई म्हणते रद्द करायचं तर साहेबांनी लिहून द्यावं की मी खोटा दाखला दिला. काय म्हणायचं हे?"

"नियमाच्या आहेत त्या," मिस्त्री म्हणाले.

"तुमची सही कुठे आहे?"

मिस्त्रींनी अहवाल पुढे ठेवला. सही होती. कारणाच्या ओळीतले बेशिस्त वर्तन एका रेघेने खोडले होते आणि वर दारमिस्त्रीच्या बोजड, गोल अक्षरात लिहिले होते: दरवाजा.

"हे काय केलंत?"

"साहेब, तुम्ही दाखल्यावर जे लिहिलंत तेच उतरवलं. माझ्यासारख्याने साहेबांच्या सहीविरुद्ध लिहायचं म्हणजे मोठाच उद्धटपणा झाला असता."

साहेब काय बोलले ते सांगण्यासारखे नाही. ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत आणि देवाने त्यांना सुबुद्धी द्यावी, अशी वाक्ये ती. दारांना मिस्त्री परत कधी हात लावणार नाहीत, एवढा त्यातला सारांश. लगेच मिस्त्रींची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली, छत्र्या आणि एकेका पायाचे बूट मोजायला. दारांच्या कागदावर आता सही कोण करणार हे होयबाने विचारायला हवे होते, पण तो विचारणाऱ्यांतला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी सून घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. सासूने हातातला झारा तसाच धरून विचारले, "काय झालं गं?"

"घेतला. वाचला. उलटून मागूनही पाहिला. म्हणाल्या, दरवाजा? एवढंच? मी म्हटलं, एवढंच. मग खूण पुसली. एक तारखेपासून पक्की."

सासूने झारा ठेवला आणि तिला जवळ घेतले. मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी आपल्या बदलीचे अजून कोणाला सांगितले नव्हते, आणि आज सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले.

"आणि बाबा," सून वळून म्हणाली, "आमच्या मोठ्या बाईंचा भाऊ त्याच गाडीत होता म्हणे. त्यालाही ऑफिसात खूण लागलीय. विचारत होत्या, कुठे मिळतो हा दाखला."

"मग काय सांगितलंस?"

"चार नंबरची खिडकी. पण डबा घेऊन जा म्हटलं, रांग रस्त्यावर आलीय."